आमच्या दारापुढच्या बारा फरश्या

रविवारची दुपार होती. जेवणं उरकली होती, माझ्या सासूबाई, माई, आतल्या खोलीत लवंडल्या होत्या, माझा नवरा संग्राम तोंडावर पेपर घेऊन झोपला होता आणि घरात पंख्याखेरीज काहीही हलत नव्हतं. तेवढ्यात स्वयंपाकघरात स्टीलची वाटी पडली. खण्णकन पडली आणि मग आपल्याच कडेवर गरगरत राहिली, हळू, अजून हळू. मी उठले नाही. वाट्या पडतातच.

मान तेवढी वळवली, आणि दारातून मला ऋजू दिसली. लाडवांच्या डब्यासाठी स्टुलावर चढली होती. स्टूल मागे सरकलं आणि ती पुढे आली. तो क्षण माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही, कारण त्यात काहीतरी कमी होतं. माझी आठ वर्षांची पोर सरळ पुढे पडत होती आणि तिचे दोन्ही हात अंगालगत होते. राष्ट्रगीताला उभं राहिल्यासारखे. ती हनुवटीवर आपटली.

मी पोचले तेव्हा ती रडतही नव्हती. फरशीकडे बघत होती, उशिरा आलेल्या रिक्षावाल्याकडे बघावं तशी. रडू मग आलं, रक्त दिसल्यावर.

डॉ. ताशिलदारांनी दोन टाके घातले. वयस्कर बाई, साताऱ्यातल्या निम्म्या पोरांच्या भुवया आणि हनुवट्या त्यांनीच शिवल्यात. हात धुता धुता म्हणाल्या, "तळवे दाखव गं बाळा."

ऋजूने हात पुढे केले. बाईंनी ते उलटेपालटे करून पाहिले.

"हे बघा. स्वच्छ. पडणाऱ्या पोराचे तळवे आधी सोलतात, मग गुडघे. हनुवटीची पाळी शेवटी येते. या महिन्यातली ही माझी तिसरी हनुवटी, आणि तिघांचेही तळवे असे, लोण्यासारखे."

"म्हणजे काय, डॉक्टर?"

"म्हणजे हात पुढे आलेच नाहीत." त्यांनी टॉवेल खुंटीला लावला. "बाळ आठ-नऊ महिन्यांचं झालं, की त्याला उचलून जरा डोक्याकडून खाली झुकवा. दोन्ही हात फाकवून पुढे टाकतं. कुणी शिकवत नाही. चालायला यायच्या आधी निसर्ग पडायची तयारी करून ठेवतो. मग ते जन्मभर राहतं. पण वापर लागतो. हिचं गेलेलं नाहीये, झोपलंय. तुम्ही राहता कुठे?"

"चिंचबाग रस्त्याला."

"बाकीची दोघंही तिकडचीच." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, "तुम्ही त्या फुटपाथवाल्या कंपनीत ना? तुमच्या फुटपाथवर पोरं पडतात का हो?"

"नाही," मी म्हटलं.

गेले तीन महिने हे उत्तर मी छाती फुगवून देत होते.

*

आमच्या फुटपाथचं नाव 'झेल'. कंपनीचं ऑफिस एका मसाला कांडपाच्या गिरणीवर आहे, त्यामुळे आम्ही जे काही शोधून काढलं ते शिंकत शिंकत काढलं. आम्ही नऊ माणसं. माझं काम फरश्यांकडून येणारे आकडे वाचायचं.

फरशी दिसायला साधी, दोन फूट बाय दोन फूट, करड्या रंगाची. वरचा थर दाणेदार रबराचा. त्याच्या खाली एक चपटी पिशवी, आणि पिशवीत दाट तेल. त्या तेलात लोखंडाची पिठासारखी बारीक भुकटी. पिशवीखाली कायमचा चुंबक आहे, त्याच्या ओढीने भुकटीचे कण एकमेकांचा हात धरून साखळ्या करून उभे राहतात आणि तेल दगडासारखं घट्ट होतं. म्हणजे एरवी हा नुसता कडक फुटपाथ. वीज गेली तरी फुटपाथच. आता चुंबकाभोवती तारेचं वेटोळं आहे. त्यातून वीज सोडली की चुंबकाचा जोर तेवढ्यापुरता मारला जातो, साखळ्या सुटतात आणि तेल पुन्हा तेल होतं. फरशी गादीसारखी मऊ होते. याला लागतो एका सेकंदाचा शंभरावा भाग. पापणी अर्धीही मिटत नाही तेवढ्यात.

पोर पडायला लागल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत साधारण अर्धा सेकंद जातो. फरशीला तो रग्गड. स्केट्सच्या कुठल्या चाकावरून कुठल्या चाकावर वजन गेलं, टाच कधी उचलली, हे तिला कळतं, आणि त्यावरून पोर कुठे पडणार तेही कळतं. त्या जागच्या फरश्या आधीच मऊ होऊन वाट बघत असतात. नुसता तोल जात असेल तर ती चाकांखाली जरासं खोलगट होते आणि चाक धरून ठेवते, मागून कुणी खांद्याला हात लावावा तसं. गाडी बाहेर येण्याचं फाटक आलं की फाटकाअलीकडच्या दोन रांगा वाळूसारख्या होतात आणि स्केट्स आपोआप मंदावतात. कॅमेरा एकही नाही. ते आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. फरशीला फक्त वजन कळतं, तोंड कळत नाही.

सातारा म्हणजे उताराचं गाव. इथे पोराच्या पायाला चाकं बांधणं म्हणजे वेडेपणा होता. आणि गेल्या जूनमध्ये चिंचबाग रस्त्याचा चार किलोमीटरचा फुटपाथ उघडला, तेव्हा सकाळी सव्वासातला शाळेची पोरं स्केट्सवरून निघाली. पाठीला दप्तरं, रिबिनी मागे उडतायत, पन्नास-साठ पोरं एकामागोमाग उतारावरून खाली, वळणावर सगळी एकदम एका अंगाला कललेली. रिक्षावाले रिक्षा थांबवून बघत होते. मी आमच्या दारात उभी होते. ऋजू माझ्यासमोरून गेली आणि तिने हातसुद्धा हलवला नाही, इतकी ती मजेत होती. पोरांनी आठवड्यात फुटपाथला लाडाचं नावही ठेवलं. झेलू. "झेलू बघेल गं," असं म्हणून ती कुठेही घुसायची.

आणि झेलू बघायचाच. पहिल्या महिन्यात स्केट्सवरून पडण्याच्या तीनशे बारा नोंदी होत्या, सातव्या महिन्यात नऊ. गेले तीन महिने शून्य. तो उतरता आलेख मीच काढला होता आणि त्याच्यावर निळा रंगही मीच भरला होता. तो बघूनच पंधरा तारखेपासून सगळ्या शहरात, एकतीस किलोमीटर फुटपाथवर, झेल बसवायचं नक्की झालं होतं. चिंचबागेच्या फरश्या जे शिकल्या ते जसंच्या तसं नव्या फरश्यांना दिलं जाणार होतं.

दवाखान्यातून येताना ऋजू स्कूटरवर माझ्या पुढे उभी होती. मी तिचे तळवे हँडलवर बघत होते. शून्य हा आकडा मला पहिल्यांदाच नकोसा वाटला.

*

सोमवारी मी आकडे उपसायला बसले. खाली मिरचीचा हंगाम सुरू होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मला उठवेना. काय झालंय ते तासाभरात दिसलं. का झालंय ते दिसत नव्हतं.

सुरुवातीला आम्ही फरशीला सांगितलं होतं की पडणं नक्की झालं, की मगच मऊ हो. म्हणजे पोराला तोल सावरायची, धडपडायची, हात टाकायची संधी मिळत होती, आणि तरीही डोकं आपटायच्या आत गादी तयार. अकरा महिन्यांत फरश्यांनी ती वेळ आपली आपण अलीकडे आणली होती. आधी जरा, मग अजून जरा. आता ऋजूचा पाय किंचित वाकडा पडला की चाक धरलं जात होतं. तिला कळायच्या आत. पोरं पडत नव्हती कारण ती अडखळतही नव्हती. वर्षभर रोज दोन तास चाकांवर असलेल्या माझ्या मुलीने गेल्या कित्येक महिन्यांत एकदाही "अरे, गेले" असा अनुभव घेतला नव्हता.

फरशीला एवढी घाई का सुटली? ती स्वतःला सुधारते, हे खरं. प्रत्येक पडण्यानंतर ती तपासते, मी पोराला नीट झेललं का? डोळे नाहीत, कान नाहीत, म्हणून वजनावरूनच तपासते. पोर किती वेळात उठलं, मोठी पावलं धावत आली का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाच सेकंदांत त्याच जागी पुन्हा जोरात काही आपटलं का. याला आम्ही 'दुसरा आघात' म्हणायचो. उठता उठता पोर पुन्हा कोसळलं याचा अर्थ त्याला गरगरतंय, म्हणजे पहिला मार मोठा होता. म्हणून दुसऱ्या आघाताला आम्ही सर्वांत जास्त गुण दिले होते. तो आला की फरशीने समजायचं, माझी चूक झाली, पुढच्या वेळी लवकर. आणि एक शिकली की सगळ्या शिकायच्या.

आणि दुसरे आघात ढिगाने होते. कॉलेजच्या बाजूला जवळजवळ नाहीत. आमच्या घराच्या आसपास, जिथे संध्याकाळी म्हातारी माणसं बाकांवर बसतात, तिथे रोज. मी उताराचा कोन पाहिला, उन्हाचा परिणाम पाहिला, पिशव्या गळतायत का पाहिलं. मंगळवार असा गेला.

बुधवारी संध्याकाळी मी गॅलरीत मोबाइलवर फरश्यांचे आकडे लावून उभी होते. खाली माई बाकावर बसल्या होत्या, हातात निवडायची मेथी. शेजारच्या पवारांचा दोन वर्षांचा अद्वय त्यांच्या पुढ्यात दुडदुडत होता. तो नुसता फतकल मारून खाली बसला. लागायचं काही कारणच नव्हतं. पण बसल्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं आणि त्याने ओठ काढला.

माई मेथी बाजूला टाकून उठल्या आणि त्यांनी आपल्या तळहाताने फुटपाथला फाडकन चापट मारली.

"हात रे मेल्या. माझ्या सोन्याला पाडतोस? थांब, अजून एक देते."

आणि दुसरी दिली. अद्वय हसायला लागला. माझ्या मोबाइलवर लाल रेघ चढली. दुसरा आघात. आणि तिच्यामागे आणखी एक.

मी जिना कसा उतरले मला आठवत नाही.

"माई, पुन्हा मारा."

"काय?"

"फुटपाथला. मघासारखं. जोरात मारा."

"पल्लवी, बरं वाटतंय ना तुला?"

"मारा हो माई."

त्यांनी मारली. लाल रेघ. मी त्यांचा हात धरून तिसऱ्या फरशीवर नेलं, तिथे मारायला लावली, लाल रेघ. बाकावरच्या दोन आजोबांनी गप्पा थांबवल्या.

"हे तुम्ही रोज करता?"

"पोर पडलं की करतेच की. त्याशिवाय गप बसतात होय? जमिनीला मारलं की पोराचं दुःख निम्मं होतं. संग्राम लहान असताना मी उंबऱ्याला इतकी मारली आहे, की उंबराच रडला असता." मग त्यांनी आवाज उतरवला. "का गं? खराब होते का फरशी? सगळ्याच मारतो आम्ही. ती देशमुखीण तर चपलेने मारते."

मला हसू फुटलं ते थांबेचना. मी फुटपाथवर बसूनच हसले. प्रयोगशाळेत आम्ही रबराच्या बाहुल्या पाडल्या होत्या, स्वतः पडलो होतो, कंपनी चालवणारे खंडागळे सर तर वाढदिवसाच्या दिवशी तेवीस वेळा पडले होते. पण आमच्या प्रयोगशाळेत आजी नव्हती. आमच्यापैकी प्रत्येकाच्या आईने जमिनीला चापट मारून आमचं रडू थांबवलं होतं, आणि नऊ जणांतल्या एकालाही ते आठवलं नाही. त्या मऊ हातांनी मारलेली प्रत्येक चापट फरशी मुकाट्याने ऐकून घेत होती. माझंच चुकलं म्हणत होती. अकरा महिने.

"हसतेस काय अशी?" माई म्हणाल्या.

"माई, तुम्ही फुटपाथला वळण लावलंत."

*

चापट ओळखणं सोपं होतं. तळहाताचा नाहीतर चपलेचा ठसा, पोराच्या वजनापेक्षा हलका, टोकदार. गुरुवारी दुपारपर्यंत मी ती गाळून टाकली. अवघड होतं ते पुढचं. खंडागळे सरांना मी म्हटलं, "आता वेळ मागे न्यायची. जूनमध्ये होती तिथे. पंधरा तारखेच्या आत."

सर चांगला माणूस. जगात दोनच गोष्टींना भितात, पत्रकार आणि बायको. ते खुर्चीत मागे रेलले.

"चापटीची गंमत मस्त आहे, मॅडम. मी घरी सांगणार आहे. पण वेळ मागे नेली की काय होईल?"

"पोरं अडखळतील. पडतील. तळवे सोलतील. डोकं आपटणार नाही, ते आपण झेलूच."

"म्हणजे मी पालिकेत जाऊन काय सांगू? साहेब, तीन महिने एक पोर पडलेलं नाही, तर आता जरा पाडायची परवानगी द्या?"

"सर, आपल्या फुटपाथवर पडत नाहीत. फुटपाथ संपतो तिथे पडतात. आणि हात न टाकता. एकतीस किलोमीटर झाल्यावर किती पोरं अशी होतील?"

सरांनी पेनाचं टोपण काढून कागदावर एकतीस लिहिलं.

"हात परत येतात, हे कशावरून? डॉक्टर म्हणतात झोपलंय. गेलंच असेल तर? मग आपण पोरांना नुसतंच पाडलं."

मी टेबलावरचा निळा आलेख उलटा ठेवला.

"आठ दिवस देतो," सर म्हणाले. "बारा फरश्या. तुमच्या दारापुढच्या. तिथे जूनची वेळ लावा. तिथून रोज सगळ्यात जास्त कोण जातं?"

दोघांनाही माहीत होतं कोण.

"तुमची मुलगी आहे, म्हणून नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. दुसऱ्याच्या पोरावर मी हे करणार नाही; फरशी वजन ओळखते, बाकीच्यांना ती नेहमीसारखी धरेल. आणि हो, तिला सांगायचं नाही. सांगितलं तर ती जपून चालेल, ठरवून हात टाकेल. ते आपल्याला नकोय. न ठरवता आले तर मानेन."

घरी जाताना मी स्वतःशी पुन्हा पुन्हा हिशेब मांडत होते. डोकं आपटायच्या आत फरशी मऊ होईल, हे मी स्वतः हजारदा तपासलंय. हेल्मेट असेल. कोपर, गुडघे बांधलेले असतील. फक्त तळवे उघडे. आईच्या पोटाला हा हिशेब कळत नव्हता, पण स्टुलावरून पडतानाचे ते अंगालगतचे हात त्याहून कळत नव्हते.

संग्राम वनकुसवड्याच्या पवनचक्क्यांवर कामाला असतो, शनिवारी येतो. फोनवर सगळं ऐकून म्हणाला, "मी दीडशे फूट वर दोरावर लटकतो ना, तेव्हा मला माझे हातच वाचवतात. लाव."

माईंना सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "मला बघवायचं नाही. ती यायच्या वेळेला मी देवळात जाऊन बसेन."

*

पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. ऋजू सुसाट यायची, बारा फरश्यांवरून सरकायची आणि फाटकाशी थांबायची. मी दारात उभी. आठ पावलांवर.

तिसऱ्या दिवशी तिचं उजवं चाक जरासं तिरकं झालं. एरवी झेलूने धरलं असतं. त्या दिवशी कुणी धरलं नाही. ती गर्रकन फिरली आणि मागे बसली. उठून तिने फरशीकडे पाहिलं, पायाने दाबून पाहिलं. "आई, झेलू झोपलाय काय?" एवढं म्हणून आत गेली. मी मोबाइलवर वेळ टिपून घेतली.

पाचव्या दिवशी ती पुढे पडली. मी तिच्या हातांकडेच बघत होते. नाही आले. कोपरावर आणि पोटावर पडली, हेल्मेटची कड मऊ फरशीत रुतली. लागलं काहीच नाही, पण मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. सरांचा प्रश्न मला आता माझ्याच आवाजात ऐकू येत होता. गेलंच असेल तर?

सहाव्या दिवशी मी त्या बारा फरश्या बंद करायला बसले होते. बोट बटणावर होतं. तेवढ्यात पाचव्या दिवसाची नोंद पुन्हा पाहिली आणि ताठ बसले. पोट टेकायच्या आधी सेकंदाच्या पंधराव्या भागाइतका काळ एक छोटा ठसा उमटला होता. डाव्या हाताची बोटं. टेकली होती, तळवा येऊ शकला नव्हता. हात उशिरा निघाले होते, पण निघाले होते.

मी सरांना फोन केला. "सर, हात रस्त्यात आहेत."

"म्हणजे?"

"उशीर झालाय त्यांना. येतायत."

सातवा दिवस कोरडा गेला. ऋजू आता त्या फरश्यांवर येताना गुडघे किंचित वाकवत होती, तिला स्वतःला न कळता. तेसुद्धा नवीन होतं. मी ते लिहून घेतलं, वेळेसकट, पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हाताने.

आठव्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला मी दारात उभी होते. ओढणीची दोन टोकं दोन मुठींत धरून, म्हणजे हातांना काही काम राहील. माई देवळात. उतारावरून चाकांचा आवाज आला, आधी बारीक, मग भरून आल्यासारखा, आणि वळणावर पोरं दिसली. सगळ्यात पुढे ऋजू. वेणी सुटलेली, उन्हाळी शिबिराचं दप्तर एका खांद्यावर, मागे वळून कुणाला तरी चिडवत होती. पुढे बघतच नव्हती.

पहिल्या फरशीवर आली. दुसऱ्या. चौथ्या फरशीवर तिचं दप्तर खांद्यावरून घसरून दंडावर आलं आणि तोल गेला. डावं पाऊल हवेत. उजवा पाय सावरायला गेला, तोही चुकला. ती माझ्याच दिशेने येत होती. चार पावलं धावले असते तर मी तिला कवेत घेतलं असतं. माझ्या मुठी ओढणीत आवळल्या. मी जागची हलले नाही.

आणि हात आले.

दोन्ही. एकदम. कुठून आले देव जाणे, पण अंगालगतचे ते हात सुटले आणि तिच्यापुढे गेले, दहाही बोटं फाकून, एखाद्या पक्ष्याने उतरायच्या आधी पंख पसरावेत तसे. तळवे फरशीवर आपटले, घसरले, कोपरं वाकली, अंग मागून हळूच खाली आलं. डोकं वर राहिलं. सगळं मिळून अर्धा सेकंद.  आले. परत आले. चार महिन्यांची असताना हिच्या मुठी उघडून मी एकेक बोट मोजायचे, तेव्हासुद्धा मला या हातांचा इतका आनंद झाला नव्हता. एकतीस किलोमीटरवरची सगळी पोरं मला त्या एका क्षणात दिसली, सोललेल्या तळव्यांची, धडधाकट.

मागची पोरं थांबली. कुणीतरी म्हणालं, "अगं, ऋजू पडली."

मी धावले. तिला उठवलं, हेल्मेट काढलं, दोन्ही तळवे उघडले. उजव्या हाताची साल निघाली होती, डाव्यावर रक्ताचे बारीक बारीक थेंब उगवत होते, रबराचे दाणे चिकटले होते. मी त्यावर फुंकर घालत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिने एकदा आपल्या हातांकडे पाहिलं, नवी वस्तू बघावी तसं. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.  ती रडत नव्हती, काहीतरी जुळवत होती.

"आई," ती म्हणाली, "मी पडत होते तेव्हा तू हसत का होतीस?"